भेटीचं पाणी

हुराफेन बेटाच्या धक्क्याला भारताचं पाण्याचं जहाज लागलं, तेव्हा शाळेची मुलं दोन रांगा करून उभी होती. प्रत्येकाच्या हातात दोन कागदी झेंडे होते, एक मालदीवचा आणि एक भारताचा. बँडवाल्यांनी दोन्ही राष्ट्रगीतं वाजवली. बेटाच्या कौन्सिलचे अध्यक्ष थोडकंच बोलले. भारतीय शिष्टमंडळाचे प्रमुख भटनागर जरा जास्त बोलले, त्यात ‘सख्खे शेजारी’ हा शब्द दोनदा आला. मग जहाजातून जाडजूड निळी नळी ओढत आणून बेटाच्या टाकीला जोडली गेली. टाळ्या झाल्या.

डॉ. हेमांगी चोगले शिष्टमंडळाच्या मागच्या रांगेत उभी होती. पुण्यातल्या एका मेघविज्ञान संस्थेत ती काम करायची. या दौऱ्यात तिच्या नावापुढे ‘वैज्ञानिक सल्लागार’ असं छापलं होतं. तिला कोणी सल्ला विचारलेला नव्हता. पाण्याचं जहाज येण्याचं हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी बेटावरच्या बायकांनी धक्क्यावर फेर धरला होता, असं तिनं ऐकलं होतं. आता टाळ्या वाजवणाऱ्यांचं लक्ष तिरंग्याकडे नव्हतं, नळीकडे होतं.

“पोरं सकाळपासून उन्हात उभी आहेत ताई. तुमचं भाषण आखडतं घ्यायला सांग ना कोणाला तरी.”

तिच्या कानाशी कोणी तरी मराठीत बोललं. हेमांगी वळली आणि हसली. हव्वा! मालदीवच्या हवामान खात्यातली शास्त्रज्ञ, आणि वीस वर्षांपूर्वी पुण्यात शिकायला आलेली, हेमांगीची खोलीतली मैत्रीण. मेसच्या मावशींशी भांडून भांडून ती मराठी शिकली होती. तिच्या दिवेही भाषेत ‘ळ’ आहे, त्यामुळे तिचा ‘केळं’ आणि ‘पोळी’तला ‘ळ’ वसतिगृहातल्या निम्म्या मुलींपेक्षा स्वच्छ होता.

“संध्याकाळी घरी ये,” हव्वा म्हणाली. “आई वाट बघत्येय. आणि मला बोलायचंय.”

कशाविषयी, ते हेमांगीनं विचारलं नाही. तिला ठाऊक होतं.

शुभ्रमेघ प्रकल्पाची कल्पना मुळात साधी होती. चक्रीवादळाला बळ मिळतं ते तापलेल्या समुद्राकडून. पाणी थोडं जरी थंड करता आलं, तरी वादळ रोडावतं, कधी कधी जन्मालाच येत नाही. आता अख्खा समुद्र थंड करायचा कसा? तर त्याच्यावर सावली धरून. ढगातला प्रत्येक थेंब कशाच्या तरी कणाभोवती धरतो, धुळीच्या किंवा मिठाच्या. समुद्राचंच पाणी अतिशय बारीक करून हवेत उडवलं, की त्यातलं मीठ ढगापर्यंत पोहोचतं. तेवढंच पाणी मग पुष्कळ जास्त थेंबांत वाटलं जातं. थेंब लहान होतात, ढग दुधासारखा पांढरा होतो, आणि वरचं ऊन वरच परतवतो. दर वर्षी मार्चअखेरीपासून मेअखेरीपर्यंत भारताची बिनमाणसांची फवाराजहाजं लक्षद्वीपच्या आसपास संथ फिरत हेच काम करायची.

यात एकच गोम होती. लहान थेंब पडत नाही. थेंब एकमेकांत मिसळून जड झाले, तर पाऊस होतो. हे थेंब तरंगतच राहायचे. शिवाय थंड समुद्रावरची हवा वर चढायला आळस करते, त्यामुळे पावसाचा पट्टाच उबदार पाण्याकडे, दूर नैऋत्येला सरकायचा. मालदीवची उत्तरेकडची बेटं एप्रिलच्या पावसावर डोळे लावून बसतात. विहिरीतलं गोडं पाणी तिथे वाळूत खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगतं. सलग कोरडी वर्षं गेली, की साय संपते आणि विहीर खारी होते.

पण हे घडतंय ते जहाजांमुळेच, हे सिद्ध कसं करायचं? समुद्र एकच, आणि वर्षही एकदाच येतं. त्यावर तोड म्हणून संस्थेच्या महासंगणकात दोन समुद्र होते. एकात जहाजं असायची, दुसऱ्यात नसायची. बाकी सारं सारखं ठेवून दोन्ही समुद्रांवरचं तेच वर्ष पुन्हा पुन्हा घडवायचं, आणि फरक पाहायचा. हे काम हेमांगीचं होतं. ‘शुभ्रमेघमुळे इतकी वादळं टळली’ असं सरकार अभिमानानं सांगायचं, ते तिच्याच गणितावरून. हुराफेनसारख्या बेटांवरचा एप्रिलचा पाऊस जहाजांमुळेच हटतो, हेही त्याच गणितातून निघत होतं. संस्थेत सगळ्यांना ते माहीत होतं. बाहेर बोलताना ‘निश्चित संबंध आढळलेला नाही’ असं बोलायचं, एवढंच ठरलेलं होतं.

हव्वाच्या अंगणात जाळीच्या टांगत्या खुर्च्या होत्या. तिच्या आईनं सुंठीचा कोरा चहा आणला, हेमांगीचा हात हातात घेऊन काही तरी म्हटलं आणि ती आत गेली.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, तुमच्या देशाचे उपकार. मनापासून म्हणते ती.” हव्वानं पाय वर घेतले. “मला नाही म्हणवत.”

हेमांगीनं चहाचा घोट घेतला.

“आम्ही आमचं गणित केलं, तर तुमचे लोक म्हणाले, तुमचा संगणक छोटा, निष्कर्ष कच्चा. खरंच आहे ते. आमचा अख्खा देश पुण्याच्या एका पेठेएवढा. तू दोन समुद्र चालवून पाहिलेस हे मला माहीत आहे. आकडे मागत नाही मी. पण उद्या मालेला बैठकीत आमच्या मंत्रीणबाई तुला एक प्रश्न विचारणार आहेत. तुझं नाव घेऊन. मागाहून तू म्हणशील, हव्वानं मला खिंडीत गाठलं. म्हणून आधी सांगत्येय.”

“आणि मी उत्तर नाही दिलं तर?”

“तर काय? तू पुन्हा आलीस की चहा मिळेल. फक्त ढगांविषयी मी तुझ्याशी बोलणार नाही.”

हेमांगीनं कप खाली ठेवला. “हव्वा, जहाजं थांबली तर माझ्या गावात काय होईल ते तुला...”

“थांबवा असं कोण म्हणतंय?” हव्वाचा आवाज पहिल्यांदा चढला. “सोडण्याआधी आम्हाला विचारा, एवढंच म्हणतोय. बहुतेक वर्षी हो म्हणू. एखाद्या वर्षी विहिरी खारावल्या असतील, तेव्हा नाही म्हणू. आत्ता तुम्ही न विचारता पाऊस नेता आणि मग पाणी भेट देता. भेट आली की आभार मानावे लागतात ताई. पोरांना झेंडे घेऊन उभं करावं लागतं.”

दिवस मावळायच्या सुमारास हेमांगीनं हर्णैला भावाला फोन लावला. पद्माकर तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. बाप गेल्यावर त्यानंच मासेमारी करून तिला शिकवलं. आठ वर्षांपूर्वीच्या वादळात त्याचा एकुलता एक मुलगा सुयोग होड्या खाडीत ओढून बांधायला गेला, तो परत आला नाही. हेमांगी तोवर ढगांवर शांतपणे शोधनिबंध लिहीत होती. त्या वर्षी तिनं शुभ्रमेघमध्ये काम मागून घेतलं. त्यानंतर कोकणात मोठं वादळ आलं नव्हतं. बंदरात पद्माकर कोणालाही सांगायचा, “ती जहाजं हायत ना, त्यात माझी बहीण हाय.”

तिनं त्याला सगळं सांगितलं.

“त्यांना पाणी जातं ना जहाजानं?” शेवटी त्यानं विचारलं.

“जातं.”

“मग? पाणी नाय आलं तर टँकर धाडता येतो हेमे. माझा पोर कुठल्या टँकरनं येणार हाय?”

“दादा, ते जहाजं थांबवायला सांगत नाहीत...”

“आज नाय सांगत. एकदा का तू हो म्हटलंस, की उद्या सांगतील. मी असतो तर मीपण सांगितलं असतं. तुला काय करायचं ते कर. मला विचारू नको.”

त्यानं फोन ठेवला.

सकाळी मालेला नेणाऱ्या छोट्या विमानात भटनागर तिच्या शेजारी येऊन बसले. परराष्ट्र खात्यात उभी हयात घालवलेला, मृदू बोलणारा माणूस. मंत्रीणबाई विचारणार असलेला प्रश्न त्यांच्याही कानावर आला होता. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही.

“डॉक्टर चोगले, आपण हा संबंध नाकारत नाही आहोत. फक्त मान्य करत नाही आहोत. मान्य केला, तर उद्यापासून हे पाणी भेट राहत नाही, भरपाई होते. परवा श्रीलंका तोच प्रश्न घेऊन येते. शिवाय ही बेटं आपल्याला रागावली, तर दुसरं एक मोठं राष्ट्र स्वतःची पाण्याची जहाजं घेऊन तयारच आहे. ते पाण्याबरोबर काय काय आणतील, ते तुम्हाला सांगायला नको.”

“मग मी काय म्हणू?”

“‘अभ्यास चालू आहे’ म्हणा. हे खोटं आहे का?”

“नाही. अभ्यास चालूच असतो.”

“मी तुम्हाला खोटं बोलायला कधीच सांगणार नाही,” ते म्हणाले, आणि त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली निळ्या पाण्यात बेटं विखुरली होती, एवढीएवढीशी. हेमांगीला त्यांचा राग आला नाही. त्यांचं म्हणणं चूक आहे असंही तिला वाटेना.

मालेतल्या बैठकीच्या दालनात लांब टेबलाच्या एका बाजूला भारताचे चौदा जण होते आणि दुसऱ्या बाजूला मालदीवचे पाच. मासेमारी, गस्तीनौका, इस्पितळ असे विषय सुरळीत पार पडले. मग पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या मंत्रीणबाईंनी समोरची फाइल मिटली.

“डॉ. चोगले, तुमची जहाजं नसती, तर गेल्या तीन वर्षांत हुराफेनवर एप्रिलमध्ये पाऊस पडला असता का?”

भटनागरांनी मान वळवली नाही. हव्वा टेबलाच्या टोकाला बसली होती, ती हाताच्या नखांकडे पाहत होती. हेमांगीच्या तोंडात वाक्य तयार होतं. तीन शब्दांचं तर होतं. ते उच्चारलं असतं तर दुपारचं जेवण झालं असतं, संध्याकाळी सगळे एकाच विमानानं परतले असते. पण तिला पद्माकर आठवला. बंदरावर उभा राहून जहाजांचं सांगणारा. त्याचा त्या गणितावर पूर्ण विश्वास होता. ते गणित अर्धं खरं धरायचं आणि अर्धं दडवायचं, तर त्याला तरी ती काय म्हणून सांगत होती की वादळं तिनं थांबवली?

“बहुतेक पडला असता,” ती म्हणाली.

कोणाची तरी खुर्ची करकरली.

“आणि जहाजं नसती,” ती पुढे बोलली, “तर माझ्या किनाऱ्यावर एक तरी मोठं वादळ बहुतेक आलं असतं. दोन्ही उत्तरं एकाच गणितातून येतात. माझं सरकार त्यातलं एक जाहीर सांगतं. ते खरं असेल, तर दुसरंही खरं आहे. दोन्ही ‘बहुतेक’ सारख्याच वजनाचे आहेत.”

भटनागरांनी शांतपणे चहापानाची सुट्टी मागितली. व्हरांड्यात ते तिच्यापाशी येऊन थांबले.

“मला आधी सांगायचंत.”

“सांगितलं असतं तर तुम्ही मला आत येऊ दिलं नसतं.”

“नसतंच दिलं,” ते म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं. “तुम्ही संध्याकाळच्या विमानानं पुढे जा. आम्ही उद्या येऊ.”

पुण्याला परतल्यावर हेमांगीचं संगणकावरचं खातं बंद झालेलं होतं. महिन्याभरात तिची बदली संस्थेच्या नागपूरच्या केंद्रात झाली. तिथून समुद्र जितका लांब, तितका देशात क्वचितच कुठून असेल. वाहिन्यांवर आठवडाभर तिचा फोटो झळकला. हर्णैला पद्माकरच्या दारावर कोणी तरी डांबरानं दोन शब्द लिहिले, ते वहिनीनं रॉकेलनं घासून काढले. पद्माकरनं तिचा फोन घेणं सोडलं. वहिनी घ्यायची, ख्यालीखुशाली सांगायची आणि म्हणायची, “ते बाहेर गेलेत.” पलीकडे त्याचा खोकला ऐकू यायचा.

दिल्लीनं तिचं वाक्य ‘वैयक्तिक मत’ ठरवलं. पण बोललेलं वाक्य परत घेता येत नाही, विशेषतः तेच गणित सरकारनं स्वतः जाहिरातीत वापरलेलं असल्यावर. श्रीलंकेनं विचारणा केली. त्या दुसऱ्या मोठ्या राष्ट्राचं पाण्याचं जहाज मालेच्या बाहेर येऊन नांगर टाकून राहिलं. भटनागरांनीच अखेर वाट काढली. दोन वर्षांनी जो करार झाला, त्यात ‘संबंध’ हा शब्द नव्हता, ‘भरपाई’ही नव्हता. दर वर्षी जहाजं निघण्यापूर्वी दोन्ही देशांनी ‘सल्लामसलत’ करावी, एवढंच होतं. पाण्याचं जहाज लागायचं तेव्हा लागे. बँड बंद झाला.

पहिल्या वर्षी मालदीवनं जहाजांना हो म्हटलं. दुसऱ्या वर्षी हिवाळा कोरडा गेला आणि उत्तरेच्या बेटांवरच्या विहिरींनी मान टाकली. त्या वर्षीच्या सल्लामसलतीत ते म्हणाले, यंदा एप्रिलमध्येच थांबवा. दिल्लीत कुरकुर झाली, आणि जहाजं बंदरात परतली.

मे महिन्यात लक्षद्वीपच्या उत्तरेला कमी दाबाचा पट्टा धरला. नागपूरच्या केंद्रात बसून हेमांगीनं उपग्रहाची चित्रं पाहिली, रजेचा अर्ज टाकला आणि ती हर्णैला निघाली.

दार वहिनीनं उघडलं. पद्माकर ओटीवर दोर वळत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिची पिशवी पाहिली.

“आलीस ती बरं केलंस,” तो म्हणाला. “आता बाहेर पडू नको.”

होड्या त्यानं आदल्या दिवशीच खाडीत नेऊन बांधल्या होत्या. सुयोग गेला तेव्हापासून बंदरात नियम झाला होता, वारा सुटल्यावर कोणी होडीकडे जायचं नाही. वादळ दुपारी आलं. सुयोगला नेणाऱ्या वादळाएवढं नव्हतं, पण वादळच होतं. मागच्या पडवीची कौलं पानांसारखी उडाली. शेजारच्या माडाचा शेंडा मोडून अंगणात पडला. तिघं मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली. वहिनीनं डोळे मिटून घेतले होते. पद्माकर दाराच्या फटीतून खाडीच्या दिशेला बघत राहिला. तिथून काहीच दिसत नव्हतं.

जहाजं फिरत असती तर हे टळलं असतं का? हेमांगी नकळत मनात दोन समुद्र मांडू लागली. मग तिनं ते थांबवलं. कोणी विचारलं, तर तिला पुन्हा ‘बहुतेक’ म्हणावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं झालं. हर्णैत माणूस कोणी गेलं नव्हतं. होड्या फुटल्या होत्या. पद्माकरच्या दोहोंपैकी एक खडकावर उलटी पडली होती, अशी बातमी पहाटेच आली होती. तो ओट्यावर बसला. हेमांगी त्याच्याजवळ जाऊन बसली.

“तिकडं पाऊस पडला काय?” त्यानं विचारलं.

“पडला. हव्वाचा फोन होता. टाक्या भरून वाहिल्या म्हणे.”

त्यानं मान हलवली. मोडलेल्या माडाकडे बघत तो म्हणाला, “मला कोणी विचारलं असतं ना, यंदा जहाजं थांबवू काय म्हणून, तर मी नाय म्हटलं असतं. तोंडावर नाय म्हटलं असतं.”

“ठाऊक आहे मला, दादा.”

“पण विचारलं कोणी?” तो तिच्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “त्यांच्या मंत्रीणबाईंना दिल्लीनं विचारलं. बरोबर केलं. तुझ्यामुळं केलं. हर्णैला कोण विचारतो?”

कराराची कलमं हेमांगीला पाठ होती. त्यात दोन देश होते, दोन राजधान्या होत्या. किनारा नव्हता.

“मी सांगेन त्यांना,” ती म्हणाली.

“कोणाला?”

तिला नाव सुचेना.

पद्माकर उठला. खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून तो खाडीकडे चालू लागला. वाटेत माडाचा शेंडा आडवा पडला होता, तो त्यानं ओलांडला आणि थांबला.

“एकट्यानं होडी सुलटी व्हायची नाय ती,” तो मागे न बघता म्हणाला. “येतेस काय?”

तिनं चपला दारातच सोडल्या आणि ती चिखलातून त्याच्या मागे निघाली.